अंत्यविधीजवळच्या निदर्शनांवर बंदी: गावाचा नियम कुठे टिकतो, कुठे कोसळतो

प्रश्न थोडक्यात असा. मिसुरी राज्यातल्या एका लहान गावात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांच्या गावात एका सैनिकाच्या अंत्यविधीच्या दिवशी रस्त्यापलीकडे काही माणसं वाईट मजकुराचे फलक घेऊन उभी राहिली. गाव पेटून उठलं. आता सिटी कौन्सिलपुढे ऑर्डिनन्सचा, म्हणजे गावापुरत्या नियमाचा, मसुदा आला आहे. फ्युनरल होम, चर्च आणि दफनभूमी यांच्यापासून हजार फुटांच्या आत, अंत्यविधीचा पूर्ण दिवस, शिवाय अंत्ययात्रेच्या सगळ्या रस्त्यावर निदर्शनांना बंदी. ताई नागरिकांच्या सल्लागार समितीवर आहेत. सुप्रीम कोर्टाने अशा निदर्शनांना मुभा दिली असं त्यांनी ऐकलं आहे, मग हा नियम टिकेल का? आणि साताऱ्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "आपल्याकडे जमावबंदी लावली की विषय संपला. तिकडे एवढा घोळ कशाला?"

ताई, आधी निष्कर्ष सांगतो. असा नियम करायचा अधिकार तुमच्या गावाला आहे. पण तुमच्यासमोर जो मसुदा आहे तो कोर्टात पहिल्याच धक्क्याला कोसळेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजून घेतलंत तर समितीत तुम्हाला ठामपणे बोलता येईल. मी वीसेक वर्षं लहान गावांना कायदेशीर सल्ला देतो आहे. या विषयावरचे मसुदे लिहिले आहेत आणि रागाच्या भरात लिहिलेले काही थांबवलेही आहेत.

सुरुवात त्या निकालापासूनच करू, कारण सगळा गैरसमज तिथला आहे. कॅन्ससमधल्या टोपेकाचं वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च हा बहुतांशी एकाच कुटुंबाचा छोटा पंथ. फ्रेड फेल्प्स हा त्याचा संस्थापक. समलिंगी माणसांना अमेरिका स्वीकारते म्हणून देव अमेरिकेला शिक्षा करतो आहे, ही त्यांची शिकवण. 1998 मध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याचा तो समलिंगी असल्यामुळे निर्घृण खून झाला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला हे लोक फलक घेऊन गेले. 2005 च्या सुमाराला त्यांनी इराक आणि अफगाणिस्तानातून शवपेटीत परतणाऱ्या सैनिकांच्या अंत्यविधींकडे मोर्चा वळवला. 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार' अशा अर्थाचा फलक आईबापांच्या डोळ्यांसमोर.

मार्च 2006 मध्ये मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावात एका तरुण मरीन सैनिकाच्या अंत्यविधीला ते आले. सात जण होते. पोलिसांनी दाखवलेल्या जागेवर, चर्चपासून सुमारे हजार फुटांवर, विधीआधी अर्धा तास उभे राहिले. सैनिकाच्या वडिलांना जाताना फलकांच्या फक्त वरच्या कडा दिसल्या; त्यावर काय लिहिलं होतं ते रात्री टीव्हीवर कळलं. त्यांनी मानसिक छळाचा दावा लावला आणि ज्यूरीने जवळपास 1 कोटी 9 लाख डॉलरची भरपाई दिली. न्यायाधीशांनी ती 50 लाखांवर आणली. अपिलात सगळीच रद्द झाली, आणि वर अपिलाचा खर्च म्हणून 16 हजार डॉलरहून जास्त रक्कम त्या बापाने फेल्प्स मंडळींना द्यावी असा आदेश निघाला. हा आदेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

2 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी फेल्प्स यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं: बोलणं सार्वजनिक विषयावर होतं, सार्वजनिक जागेवरून होतं, आणि ज्यूरीने शिक्षा दिली ती त्या बोलण्यातल्या आशयाला. 'अतिशय संतापजनक' हे माप लावलं की ज्यूरीला जे मत आवडत नाही ते संतापजनक ठरतं. न्यायमूर्ती अलिटो एकटे विरोधात गेले. मोकळ्या चर्चेवरची आपली निष्ठा म्हणजे शोकाकुल माणसावर शब्दांनी हल्ला करायचा परवाना नव्हे, असं त्यांचं मत. माणूस म्हणून मला अलिटोंचं दुःख कळतं. वकील म्हणून बहुमत बरोबर होतं असंच मी मानतो.

आता लक्षात घ्या, त्या निकालात अंतराच्या कायद्याचा प्रश्नच नव्हता. तो अंत्यविधी झाला तेव्हा मेरीलँडमध्ये असा कायदा नव्हता. निकालाच्या वेळेपर्यंत 44 राज्यांत आणि केंद्र सरकारकडे असे कायदे झाले होते, आणि आशयाकडे न बघणारे असे कायदे हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे, असं रॉबर्ट्स यांनी निकालातच लिहून ठेवलं. म्हणजे सुप्रीम कोर्टाने अंत्यविधीजवळच्या निदर्शनांना सरसकट मुभा दिली, हे अर्धसत्य आहे. काय बोललात याबद्दल दंड करता येणार नाही, एवढं कोर्टाने सांगितलं. कुठे आणि कधी उभं राहायचं, हे दार उघडंच राहिलं.

त्या दारातून तुमच्याच राज्यातलं एक गाव आत गेलं. सेंट लुईसजवळचं मँचेस्टर हे उपनगर तुम्हाला माहीत असेल. त्या गावाने नियम केला: अंत्यविधी किंवा दफनविधी जिथे चालू आहे तिथून 300 फुटांच्या आत, विधीच्या एक तास आधीपासून तो संपल्यावर एक तासापर्यंत, निदर्शनं नाहीत. फेल्प्स कुटुंबाने आव्हान दिलं. खटला चालू असताना गावाने नियम दुरुस्त करून आखडता घेतला, आणि हेच त्यांचं शहाणपण. 2011 मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांसाठी मिळून असलेल्या केंद्रीय अपील कोर्टाच्या, तीन न्यायाधीशांनी तो रद्द ठरवला, पण ऑक्टोबर 2012 मध्ये त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने तो वैध ठरवला. मिसुरी त्या कोर्टाच्या हद्दीत येतं, म्हणून तो निकाल तुमच्या गावाला थेट लागू आहे. त्याआधी 2008 मध्ये सहाव्या सर्किटने ओहायोचा तसाच 300 फुटांचा कायदा मान्य केला होता.

कोर्टांनी हे कोणत्या धाग्यावर मान्य केलं? 1988 च्या एका खटल्यात विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड गावाचा नियम सुप्रीम कोर्टापुढे होता. एका डॉक्टरच्या घरासमोर गर्भपातविरोधी लोक वारंवार उभे राहत. एकाच घराला लक्ष्य करून समोर ठाण मांडायला बंदी घालता येते, असं कोर्ट म्हणालं, कारण घरातला माणूस उठून जाणार कुठे? रस्त्यावर नकोसं काही ऐकू आलं तर आपण मान वळवतो, पुढे निघून जातो. घरात ती सोय नाही. हा न्याय घरापुरताच की आणखी कुठे, यावर आठव्या सर्किटचं आधी 'घरापुरताच' असं मत होतं, पूर्ण पीठाने ते बदललं. वडिलांची शवपेटी समोर असताना मुलगी मान वळवून कुठे जाईल? तो विधी दुसऱ्या दिवशी पुन्हा होत नाही. माझ्या वडिलांना सांगलीला कृष्णेकाठी अग्नी दिला त्या सकाळी कोणी मोठ्याने बोललं असतं तरी मला सहन झालं नसतं. म्हणून या निकालांमागचा विचार मला कधी परका वाटला नाही. मेलेल्याला निरोप देण्याचा कुटुंबाचा हक्क जवळजवळ प्रत्येक संस्कृतीने मानला आहे, असं सुप्रीम कोर्टानेही 2004 च्या एका वेगळ्या प्रकरणात म्हटलं होतं, आणि पुढच्या कोर्टांनी त्याचा आधार घेतला.

पण हे संरक्षण टिकतं ते लहान असतं म्हणून. तुमच्या मसुद्याचं इथेच बिघडलं आहे.

हजार फुटांचं घ्या. 300 फूट त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर साडेसहा एकर जागा होते. हजार फुटांचं काढलं तर बहात्तर एकर. तीही एका बिंदूपासून मोजली तर. दफनभूमीच्या कुंपणापासून मोजली तर आणखी कितीतरी. एका गावाने मला असाच मसुदा दाखवला होता. मी गावाचा नकाशा टेबलावर पसरला आणि कंपासने वर्तुळ काढलं. त्यात मेन स्ट्रीट, शाळा, कोर्टाची इमारत आणि खुद्द सिटी हॉल येत होता. म्हणजे कुणाचा अंत्यविधी असेल त्या दिवशी शाळेपुढे पगारासाठी उभी राहिलेली शिक्षिका गुन्हेगार. कौन्सिलच्या बैठकीत नकाशा बघून सगळे गप्प झाले. शब्दांनी जे पटत नव्हतं ते वर्तुळाने पटलं. तुम्हीही हेच करा. नेब्रास्काचा 500 फुटांचा कायदा 2017 मध्ये आठव्या सर्किटने मान्य केला आहे, पण ती मला माहीत असलेली वरची पायरी आहे. लहान गावाने 300 वर थांबावं.

वेळेचंही तसंच. 'अंत्यविधीचा पूर्ण दिवस' याला आधार नाही. एक तास आधी आणि एक तास नंतर, हे माप कोर्टांनी तपासून झालं आहे. लष्करी अंत्यविधींसाठी केंद्राचा वेगळा कायदा आहे. 2006 मध्ये राष्ट्रीय दफनभूमींसाठी एक तासाची मर्यादा आली आणि ऑगस्ट 2012 मध्ये ती वाढवून दोन तास आणि 300 फूट केली. तो नियम सैनिकांच्या अंत्यविधींपुरता. गावाने त्यावरून 'चोवीस तास' काढू नये.

अंत्ययात्रेचं कलम तर आजच काढून टाका. ओहायोच्या कायद्यातला हा भाग कोर्टाने रद्द केला, आणि मिसुरी राज्याच्या स्वतःच्या कायद्यातलाही 2013 मध्ये कापून वेगळा काढला. कारण साधं आहे. गाड्यांची रांग चालत राहते, तिच्याबरोबर बंदीचा पट्टाही चालत राहतो. चौकात तासभर आधीपासून दुसऱ्याच कारणासाठी उभा असलेला माणूस, रांग समोर आली की आपोआप गुन्ह्यात सापडतो. आपण गुन्हा करतो आहोत की नाही हे माणसाला आधी कळलं पाहिजे, ही कायद्याची पहिली अट.

याच संदर्भात, राज्याचा 300 फुटांचा कायदा उभा आहेच. मग गावाचा वेगळा कशाला, असं समितीत कोणी विचारलं तर ते योग्य विचारणं आहे. गावाचा नियम गावाच्या कोर्टात चालतो, गावाचे पोलीस आणि वकील तो हाताळतात, एवढाच फायदा. तो पुरेसा वाटत नसेल तर नवा नियम न करणं हाही उत्तम निर्णय.

नियम करायचाच असेल तर सगळ्यात जपायची गोष्ट आशय. 'द्वेषपूर्ण', 'देशविरोधी', 'अपमानकारक' यातला एकही शब्द मसुद्यात नको. तुमच्या मसुद्यात 'सैनिकांचा अवमान करणारी' असे शब्द आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्या तीन शब्दांनी पूर्ण नियम बुडेल. एखादा चांगला गटही वगळू नका. मोटरसायकलवरून येऊन झेंडे धरून कुटुंब आणि निदर्शक यांच्यामध्ये भिंत करणारे पॅट्रियट गार्ड रायडर्स 2005 पासून हे काम करतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण 'त्यांना सूट' असं कलम घातलं की सरकार एका मताला उभं राहू देतं आणि दुसऱ्याला हाकलतं, असा अर्थ होतो. शिकागोने शाळेजवळच्या निदर्शनांवर बंदी घालताना कामगार वादातल्या शांत निदर्शनांना सूट दिली, आणि 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सुटीसाठीच नियम फेकून दिला.

मग झेंडे धरणाऱ्यांचं काय? त्याचं उत्तर व्याख्येत आहे. ओहायोने 'निदर्शन' याची व्याख्या अंत्यविधीत व्यत्यय आणणारी किंवा व्यत्यय आणण्यासाठी केलेली कृती अशी केली. कुटुंबाच्या बोलावण्यावरून जे उभे आहेत ते व्यत्यय आणत नाहीत, मग त्यांना वेगळी सूट लागतच नाही.

ही व्याख्या आणखी एका कारणासाठी मला जिवापाड महत्त्वाची वाटते. कधीकधी अंत्यविधी हेच निदर्शन असतं. 1955 मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाला ठार मारलं, तेव्हा त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने बघावं, हा तिचा आग्रह. हजारो लोक रांगेतून गेले. सैल शब्दांत लिहिलेला नियम त्या आईलाच पकडेल. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारने 1985 च्या आणीबाणीत हेच केलं: उघड्यावरचे अंत्यविधी बंद, बोलायचं तर फक्त धर्मगुरूने आणि राजकारण सोडून. पोलिसांनी मारलेल्या मुलांसाठी रडायचीसुद्धा परवानगी सरकारकडून. म्हणून मी प्रत्येक मसुद्याला एक प्रश्न विचारतो: शोक करणारेच फलक घेऊन आले तर काय होईल? ते या नियमात सापडत असतील तर मसुदा परत पाठवतो.

आता तुमच्या भावाचं. त्याला सांगा, भारतातही अंत्यविधीला संरक्षण आहे. कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे माहीत असून, दफनभूमीत किंवा अंत्यविधीच्या जागी घुसणं, अंत्यविधीसाठी जमलेल्यांना त्रास देणं, हा जुन्या दंडसंहितेच्या कलम 297 खाली गुन्हा होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण आपल्याकडे राज्यघटनेने सभेच्या हक्कावर वाजवी निर्बंध घालायची सोय मजकुरातच ठेवली आहे, म्हणून जमावबंदीचा आदेश चटकन निघतो. इथे बोलण्याचं आणि जमण्याचं स्वातंत्र्य जपणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत तशी सोय लिहिलेली नाही. सगळं कोर्टांनी एकेका खटल्यातून घडवलं. आणि आपल्याकडचा खरा वाद उलटाच असतो. 'गुन्हा दाखल होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही' ही बातमी महाराष्ट्रात किती वेळा वाचतो आपण. तिथे घरचेच आंदोलक असतात. राजस्थानने 2023 मध्ये मृतदेह ठेवून आंदोलन करण्याविरुद्ध कायदा केला, त्यात नातेवाइकांनाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. मला तो कायदा चुकीचा वाटतो. ज्याच्याकडे न्याय मागायला मृतदेहाखेरीज काही उरलं नाही, त्याच्याकडून तेही काढून घेणं झालं ते.

एक गोष्ट तुम्ही समितीत आवर्जून मांडा, कारण ती आपल्या लोकांखेरीज तिथे कोणाला सुचणार नाही. बहुतेक मसुदे दफन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. इथल्या आपल्या लोकांत फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शन आणि मंत्र होतात, आणि मग दहन, तेही कधीकधी दुसऱ्या गावातल्या क्रिमेटोरियममध्ये. भारतातून भाऊ किंवा मुलगी येईपर्यंत चार-पाच दिवस जातात, म्हणून दिवसही आधी ठरलेला नसतो. नियमात 'दफन' एवढंच असेल तर बटण दाबायला क्रिमेटोरियमच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला त्याचं संरक्षण मिळणार नाही. 'दफन किंवा दहन, आणि त्याला जोडलेला विधी, तो जिथे चालू असेल तिथे' असे शब्द मागा. मी हे एकदा एका गावात सुचवलं तेव्हा तिथल्या फ्युनरल होमच्या मालकाने मान हलवली आणि म्हणाला, आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त दहनच असतात.

पैशांबद्दलही बोला, कौन्सिलला ते लवकर कळतं. नागरी हक्कांच्या खटल्यात गाव हरलं तर समोरच्या वकिलाची फीसुद्धा बहुधा गावालाच भरावी लागते, असा केंद्रीय कायदा आहे. फेल्प्स कुटुंबात वकील भरपूर. सुप्रीम कोर्टात त्यांची बाजू फेल्प्स यांच्या मुलीनेच मांडली. घाईत केलेला रागीट नियम म्हणजे ज्यांच्यावर राग आहे त्यांनाच चेक लिहून देणं.

घाईत केलेले सगळेच नियम वाईट असतात असं मात्र नाही. जानेवारी 2011 मध्ये टूसॉनच्या गोळीबारात सहा जण गेले, त्यात नऊ वर्षांची मुलगी होती, आणि वेस्टबोरोने येण्याची घोषणा केली. अॅरिझोनाने तीन दिवसांत कायदा केला. पण तो लिहिताना त्यांनी 300 फूट आणि एक तास हेच तपासलेलं माप घेतलं. त्या अंत्यविधीला शेवटी ते आलेच नाहीत. एका रेडिओ कार्यक्रमात वेळ मिळाल्यावर त्यांनी बेत सोडला.

2014 मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गर्भपात केंद्रांभोवतीचा 35 फुटांचा पट्टा सुप्रीम कोर्टाने एकमताने रद्द केला. अंतर फक्त 35 फूट, तरी पडला, कारण आधी सौम्य उपाय करून पाहिल्याची नोंद राज्याकडे नव्हती. म्हणून तुमच्या कौन्सिलने मतदानाआधी सुनावणी घ्यावी. फ्युनरल होमचे मालक, धर्मगुरू, पोलीस यांनी प्रत्यक्ष काय घडलं ते सांगावं आणि ते कार्यवृत्तात यावं. वाट अडवणं, कर्णे, धमकी यांच्यासाठी आधीचे नियम आहेत. ते कुठे अपुरे पडले ते लिहून ठेवावं.

आणि कौन्सिलमध्ये मसुद्याचं दुसरं वाचन होण्याआधी, शक्य असेल तर येत्या शनिवारीच, पोलिसांकडून मोजमापाचं चाक मागून घ्या आणि समितीतल्या दोघांना घेऊन फ्युनरल होमच्या हद्दीपासून 300 फूट चालत जा. जिथे चाक थांबेल तिथे फुटपाथ आहे का, तिथे उभ्या माणसाचा फलक रस्त्यावरून दिसतो का, हे बघा. माणसांना उभं राहायला जागाच उरत नसेल, समोर नुसतं शेत किंवा हायवे असेल, तर अंतर कमी करा. ती जागा खडूने आखून तिचा फोटो मसुद्याला जोडा. नंतर मसुदा मला पाठवा, मी शब्द न् शब्द वाचून देईन.